गावाचं खाणं बदलायचंय? आधी किराण्याची यादी बघा

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या साधारण दोन हजार वस्तीच्या गावात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, "उपकेंद्रात बीपी-शुगरचे पेशंट वाढताहेत आणि त्याच गावात अंगणवाडीत कमी वजनाची मुलंही आहेत. पोषण माह साजरा केला, पोस्टर लावली, बायकांच्या बैठका घेतल्या. बायका येतात, ऐकतात, घरी काहीच बदलत नाही. सरपंच म्हणतात ओपन जिम बसवू. वर्षभरात खरोखर फरक दिसेल असं काय करता येईल?"

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "बायकांच्या बैठका घेतल्या." घोडं तिथेच अडलंय.

मराठवाड्यातल्या ज्या आरोग्य केंद्रांत मी नोकरी केली, तिथे आहारावरचं प्रत्येक भाषण शेवटी सुनांच्याच पदरात पडायचं. सून ऐकते, मान हलवते, घरी जाते. पण आठवडी बाजारातून पिशवी भरून आणतो नवरा नाहीतर सासरा. फोडणीत तेल किती पडायचं ते सासूच्या हाताला ठरलेलं असतं. रानात तूर पेरायची की सोयाबीन, दुधातलं घरी किती ठेवायचं आणि डेअरीला किती घालायचं, नातवाच्या हातावर रोज पाच रुपये टेकवायचे की नाही, यातलं काहीही त्या सुनेला विचारून ठरत नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवते, उरलंसुरलं जेवते आणि आपण तिलाच "चौरस आहार घ्या" सांगून रजिस्टरवर तिची सही घेतो.

म्हणून माझं म्हणणं ऐकायला थोडं उलटं वाटेल. भाषणं बंद ठेवा. गावात काय विकत येतं, ते कोण आणतं, पंगतीत काय वाढलं जातं आणि शाळेच्या फाटकाशी काय मिळतं, एवढ्याच जागा धरा. तिथे हललं तर घरात हलतं.

आधी दुखणं नीट समजून घेऊ, कारण सरपंचांना आणि गुरुजींनाही ते सांगावं लागणार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी. त्याच सर्वेक्षणात २३ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ. ही दोन वेगळी गावं नाहीत; बऱ्याचदा एकाच घरातली माणसं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, शहरात मधुमेह १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के दिसला. खेडं अजून सुरक्षित आहे असं वाटेल. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं मोजली तेव्हा शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२ टक्के आली. म्हणजे उंबरठ्यावर दोघंही सारखेच उभे आहेत. गडचिरोलीच्या गावांत झालेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तर पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. जिथे आपण मलेरिया आणि कुपोषण शोधायला जातो, तिथली ही गोष्ट.

कमी वजनाचं मूल आणि शुगरचा म्हातारा या दोन टोकांना जोडणारा धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतो. त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं बारीक, पण त्यांच्यात कमी होतं ते मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. वरून हडकुळं, आतून चरबीचं. असं बाळ पुढे मोठं होऊन बसून खायला लागलं की मधुमेहाच्या वाटेवर लवकर जातं. आणि त्याच अभ्यासात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. गरोदर सुनेच्या ताटातली मूठभर पालेभाजी हा तुमच्या गावाचा मधुमेहाचाही कार्यक्रम आहे. हे सासऱ्यांना सांगा. "नातवाला चाळिशीत शुगर नको असेल तर" असं सुरू केलं की ते ऐकतात.

आता कामाकडे येऊ. सुरुवात किराण्याच्या यादीपासून, आणि यातच मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त गुण इथेच आलाय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातले दिवसाचे आकडे ग्रॅममध्ये आहेत आणि ग्रॅम कुणाच्या घरात नसतो. ते महिन्याच्या किलोत आणा. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो. वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त पावणेचार किलो, आणि यात गूळही आला. तेल-तूप साधारण २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला चार किलो. डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पावणेतेरा किलो. घरात लहान मुलं असतील तर थोडं कमी धरा. ऊसतोडीला किंवा बांधकामावर राबणारं माणूस असेल तर धान्य-तेल वाढेल. सूक्ष्म हिशेब करायचा नाहीये, अंदाज यायला हवा.

हा हिशेब बैठकीत फळ्यावर लिहा आणि प्रत्येक घराला स्वतःची यादी समोर ठेवायला सांगा. पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असेल तर तेल दुपटीच्या जवळ जातंय, हे बाईच स्वतःहून सांगते. साखरेचं तसंच. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे, की झाले माणशी तीस ग्रॅम पार. बाकी काही गोड न खाता. पण खरा धक्का डाळीचा बसतो. पाच माणसांत महिन्याला पावणेतेरा किलो डाळ-कडधान्य आणणारं घर मला क्वचितच भेटलं. तीन-चार किलोवर महिना निघतो. पातळ वरण, जास्त तिखट, आणि त्यावर तीन-तीन भाकरी किंवा डोंगराएवढा भात. अंडी, मासे, मटण खाणारं घर असेल तर डाळीतली थोडी उणीव भरून निघते, पण तेही बहुतेक ठिकाणी बुधवारी नाहीतर रविवारी, आणि त्यातला जास्तीचा वाटा पुरुषांच्या ताटात.

या बैठकीला पुरुष हवेत. बोलावून येणार नाहीत, म्हणून तुम्ही जिथे ते असतात तिथे जा. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर रांग लागते. कॅन हातात घेऊन माणूस पंधरा मिनिटं उभा असतो, त्याला दुसरं काही काम नसतं. बीपीचं मशीन आणि टेप घेऊन तिथे बसा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की धोका सुरू, एवढं सांगून एकेकाची कंबर मोजली की चेष्टामस्करी सुरू होते. चालू द्या. चेष्टेतूनच माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात. आणि तिथेच आणखी एक प्रश्न विचारता येतो: घरच्या लेकरांना दूध किती ठेवलं? दूधवाल्या घरात लेकरं कोरा चहा पितात, हे आपल्या भागातलं नेहमीचं चित्र आहे. पाव लिटर घरी ठेवायला लावलंत तरी खूप झालं.

दुकानदारालाही भेटा. त्याला शत्रू करू नका. महिन्याला तेलाचे डबे किती, साखरेची पोती किती, बिस्किटांची आणि पाच रुपयांच्या चटपटीत खाऊच्या पुड्यांची खोकी किती खपतात, एवढं घाऊक विचारा. कुणाच्या घराचं नाव नको. सहा महिन्यांनी तेच पुन्हा विचारा. गावाच्या खाण्यात फरक पडला की नाही हे कळण्याचं याहून स्वस्त साधन नाही.

डाळ महाग आहे, हे लोक लगेच सांगतील, आणि ते खोटं नाही. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळे पोट त्यानेच भरलं जातं. आपल्या भागात गेल्या काही दशकांत सोयाबीनने मूग, उडीद, खरिपाची ज्वारी यांची जागा घेतली. पूर्वी विकलं नाही तरी खायला व्हायचं असं पीक घरात यायचं. आता येतात ते पैसे, आणि पैशांना वाटा शंभर. पीकपद्धत आपण उपकेंद्रातून बदलू शकत नाही, त्याच्या फंदात पडू नका. मात्र दोन गोष्टी जमतात. एक, खरिपात चार-सहा तास (ओळी) मूग-मटकीचे आणि बांधावर तुरीचे घरासाठी म्हणून टाकायचे, विकायचे नाहीत. बचत गटातून हे चांगलं होतं, बियाणं एकमेकींकडून मिळतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपून वाटल्याबद्दल; त्यांचं नाव बायकांना माहीत असतं, ते वापरा. दुसरं, दहा किलो दळणात एक किलो सोयाबीन. पण चांगलं भाजून. कच्चं सोयाबीन पचत नाही, पोट फुगतं, आणि मग "डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सोसलं नाही" असं गावभर होतं.

पालेभाजीचं दुखणं वेगळं. ती विकत घ्यावी लागते असं लोकांना वाटायला लागलंय. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरोटा पावसाळ्यात बांधावर फुकट उगवतो. रब्बीत हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी. अडचण अशी की ही "गरिबाची भाजी" झालीय आणि तणनाशक फवारलेल्या रानातली खुडणं धोक्याचं. म्हणून न फवारलेला बांध कुठला ते शेतमालकाला विचारूनच आणायला सांगा. बारा महिने हमखास हवं तर शेवगा. अंगणवाडीच्या नळाखाली, हापशाच्या सांडपाण्यावर, उपकेंद्राच्या मागे. शेंगा सगळे खातात, पाला टाकून देतात. तो पाला थालीपिठात, धपाट्यात, वरणात घालायला शिकवा. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी आपल्याकडे आहेच, ती ताटाच्या कोपऱ्यातून थोडी मध्ये आणा. आणि जेवणावर लगेच चहा नको. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन तिच्या प्रत्येक जेवणाला चहा लावायचा, म्हणजे गोळीचा निम्मा उपयोग घालवणं. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड.

ज्वारीबद्दल एक इशारा. २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरीला जणू औषधाचा दर्जा मिळालाय. भाकरी चांगलीच, पोळीपेक्षा पोटात जास्त वेळ टिकते. पण शुगरच्या माणसाने तीन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर चढणारच. गूळ, मध, "शुगर फ्री" म्हणून विकली जाणारी बिस्किटं यांचंही तेच. भाकरी एक कमी, उसळ एक वाटी जास्त, एवढं सरळ सांगा.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं मात्र खरंच घरोघर जाऊन करावं लागतं, तिथे पर्याय नाही. आपल्याकडे या वयाच्या बाळाचं पहिलं घन अन्न बहुतेकदा चहात बुडवलेलं बिस्किट असतं. आजीच्या मांडीवर बाळ, बाजूला कपबशी. स्वस्त, मऊ, बाळ गप्प. आई रोजंदारीवर गेलेली असते, तेव्हा तिला सांगून उपयोग नसतो, आजीला सांगा. घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप. मऊ उकडलेलं अंडं. भाजक्या मूगडाळीचं आणि ज्वारीचं पीठ करून ठेवलं की पाच मिनिटांत पेज होते. मोठ्यांना तेल कमी सांगायचं आणि बाळाच्या वाटीत चमचाभर घाला म्हणायचं, यात लोकांचा गोंधळ होतो. एकाच बैठकीत दोन्ही सांगू नका.

शाळेकडे वळू. पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ४५० उष्मांक धरलेत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य आणि ७०० उष्मांक. हे जेवण जर मूल पोटभर जेवलं तर चांगलं आहे. पण जेवायच्या सुट्टीआधी त्याच्या पोटात पाच रुपयांची पुडी गेलेली असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. नियम खिशात ठेवा, काढू नका. फाटकाशी टपरी बहुधा एखाद्या एकट्या बाईची किंवा अपंग माणसाची असते. ती उठवलीत तर गाव तुमच्या विरोधात जाईल, आणि जावंही. तिला माल बदलून द्या. शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे, हंगामात बोरं, चिंचा, पेरू, उकडलेल्या शेंगा. बचत गट चिक्की करून देत असेल तर दोघींचंही भागतं. गुरुजींनी सकाळच्या परिपाठात आठवड्यातून एकदा दप्तरं बघितली तरी पुड्या निम्म्या होतात. मुलांना लाज वाटेल असं मात्र काही करायचं नाही.

पंगतीचा विषय कुणी आरोग्यवाला घेत नाही, याचं मला नवल वाटतं. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस गाव एकत्र जेवतं. रोजची पंगत एकेका घराकडे असते आणि तिथे इभ्रत लागलेली असते. शेजाऱ्याने बुंदी केली की आपण जिलेबी. महाराजांना आधी भेटा. कीर्तनकाराने व्यासपीठावरून "भाकरी-आमटीची पंगत हीच खरी" असं एकदा म्हटलं, की तुमच्या दहा पोस्टरांचं काम होतं. गोड काल्याच्या दिवशी असू दे. मधल्या दिवशी भाकरी, आमटी, मोडाची मटकी, कच्चा कांदा-काकडी. खर्चही उतरतो, आणि ज्यांची ऐपत कमी त्यांना ते मनातून हवंच असतं.

उपवासाचंही असंच. श्रावण, नवरात्र, एकादश्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. उपवास सोडा असं सांगायला जाऊ नका. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळं, ताक, फळ, एवढा बदल पुरे. पण जे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेतात किंवा इन्सुलिनवर आहेत, त्यांनी उपाशीपोटी तीच मात्रा घेतली तर शुगर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. देवीच्या नवरात्रात अशी माणसं "अंगात आलं" म्हणून बसवून ठेवलेली असतात. तुमच्या यादीतली ही नावं घटस्थापनेआधी काढा, त्यांना वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवून मात्रा ठरवून घ्या, खिशात खडीसाखर ठेवायला सांगा.

आता हालचाल. खेड्यातली माणसं कष्ट करतात, त्यांना व्यायाम कशाला, असं तुम्हाला सरपंचच नाही, तुमचे वरिष्ठही सांगतील. अर्धं खरं आहे. दिवसभर खुरपणीला वाकलेल्या बाईला संध्याकाळी "अर्धा तास चाला" सांगणं ही तिची थट्टा आहे. तिला विश्रांती हवी, पोटभर जेवण हवं, आणि पाठ-मांड्या मोकळ्या करायला चार साधे ताण. खरा प्रश्न बाकीच्यांचा. रान अर्ध्या किलोमीटरवर आणि माणूस मोटरसायकलवर. पेरणी ट्रॅक्टरने, मळणी मशीनने. पारावर पत्ते, हातात मोबाईल. रानातून निवृत्त झालेली साठीची माणसं, दुकानदार, गुरुजी, आणि हो, आपणही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. शाळकरी मुलांना रोज तासभर. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. दम थोडा लागावा, बोलता यावं, गाता येऊ नये.

ओपन जिमबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घाई नको. अनेक गावांत ती यंत्रं ग्रामपंचायतीमागे गंजतायत, त्यावर कपडे वाळतायत. पाय चालवायचं यंत्र उन्हात तापतं, आणि पोरं बसलेली असली की बाई तिकडे फिरकत नाही. तेवढ्या पैशात शाळेचं मैदान साफ करून घ्या, काटे-दगड काढा, चार दिवे लावा, पाण्याची सोय करा. आणि मैदानाची वेळ वाटून द्या. पहाटे सगळ्यांना, दुपारी चारनंतर मुलांना, रात्री जेवणानंतर तासभर फक्त बायकांना. दिवे असतील आणि सात-आठ जणी एकत्र असतील तर बायका येतात. एकटी कुणी येत नाही. रस्त्यावर चाला असं सांगू नका, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी जीव जातात.

तुमच्या गावात तयार शिक्षक आहेत. पोलीस भरतीची पोरं आणि पोरी पहाटे पळतच असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटरची तयारी. त्यांच्याकडून मैदानावर फक्कीने गोल आखून घ्या, किती फेऱ्यांचा एक किलोमीटर ते पाटीवर लिहा. भरतीच्या पोरी मैदानावर दिसायला लागल्या की सुनांना यायला वाट होते, हे मी पाहिलंय. तरण्या पोरांना कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल. त्यांना "व्यायाम" शब्दाची गरज नाही. बायकांसाठी पंचमीचे फेर, फुगड्या, झिम्मा. अर्धा तास फुगड्या घाला आणि मग नाडी मोजा. ज्येष्ठांना हरिपाठाला पायी जायला लावा, आणि शुगरच्या माणसाने दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात चाललं तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते.

सुरू करण्याआधी गाळणी लावा. चालताना छातीत दाटतं, दम कोंडतो, चक्कर येते, किंवा बीपी १८०/११० च्या वर आहे, त्यांना आधी डॉक्टरांकडे. शुगरवाल्यांचे तळपाय स्वतः बघा. पायाची जाणीव गेलेला माणूस अनवाणी दिंडीला गेला तर फोड आलेला त्याला कळत नाही, कळतो तो पाय काळा पडल्यावर. अशांना चपला-बूट घातल्याशिवाय फेरी नाही. आणि मिश्री-तंबाखू. बीपी, शुगर, बाळाचं वजन, सगळ्यात ती आडवी येते, भूकही मारते. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

वेळापत्रक शेतीचं बघून करा. जून-जुलैत पेरण्या, सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी. तेव्हा बैठक ठेवाल तर मोकळ्या सतरंजीशी बोलाल. गावातून ऊसतोडीला माणसं जात असतील तर दसऱ्यानंतर अर्धं गाव रिकामं होतं आणि पाडव्याच्या सुमारास परततं. त्यांच्यासाठी कोपीवर (उसाच्या फडावरच्या झोपडीवर) जाताना बांधून द्यायचं असं काहीतरी हवं: भाजकं पीठ, चटण्या, शेंगदाणे-गूळ, आणि बीपीच्या गोळ्या पुरेशा महिन्यांच्या. उन्हाळा तुमचा खरा कामाचा हंगाम.

मोजमाप कसं करायचं? बैठका किती झाल्या, हे वरच्यांना कळवा, स्वतःला वेगळं विचारा. आशाताईंना दर तीन महिन्यांनी ठरावीक वीस-पंचवीस घरांत एक प्रश्न विचारायला लावा: काल दिवसभरात बाईने काय काय खाल्लं? दहा गट धरा. धान्य-कंद, डाळी, शेंगदाणे-तीळ-जवस, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, गाजर-भोपळा-पपई-आंबा, इतर भाज्या, इतर फळं. दहापैकी पाच गट आले तर बरं. तीनवर अडकलं तर अजून काम आहे. चहातलं दूध धरायचं नाही. याच्या जोडीला दुकानदाराची घाऊक आकडेवारी आणि तुमच्या यादीतल्या तीस वर्षांवरच्या माणसांची कंबर आणि बीपी. वजनाच्या मागे लागू नका, ते वर्षात फारसं हलत नाही आणि लोक नाउमेद होतात. बीपी मिठाला आणि गोळीला लवकर ऐकतं, तिथे आधी यश दिसेल.

पैसा फार लागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी वर्षाला दहा हजारांपर्यंत येतो. टेप, बीपीचं मशीन, शेवग्याची रोपं, फक्की त्यात बसतात. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मैदानाचे दिवे बायकांच्या वेळेसाठी म्हणून तिथे मागा. विषय आधी महिला ग्रामसभेत मांडा. तिथे तो पुढे गेला की मुख्य ग्रामसभेत कुणी सहसा आडवं येत नाही. ठराव दोनच ठेवा: शाळेच्या फाटकाशी काय विकलं जाईल, आणि मैदानाच्या वेळा. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टची असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विषय जुलैच्या अखेरीसच लेखी द्या, पोचपावती घ्या, आणि ओपन जिमचा विषय आलाच तर "आधी दिवे, मग बघू" असं सरपंचांनाच बोलायला लावा. त्यांच्या तोंडून आलेलं गावाला पटतं.